माणूस झाका, पदार्थ सांगा

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेचा शेवटचा भाग झाला की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळं फिक्स असतं हो!" मग कुठल्या परीक्षकाचा कोण लाडका होता, कोणाला मुद्दाम काढलं, कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्याला भुलून पुढच्या फेरीत घेतलं, अशी यादी येते. माझा पीएचडीचा विषय म्हणजे पदार्थांच्या चवीचं मोजमाप कसं करायचं, अभ्यासाच्या भाषेत 'संवेदी मूल्यमापन'. त्यामुळे ओळखीतले लोक ही यादी घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "तुमचं शास्त्र काय म्हणतं? पक्षपात होतो की नाही?"

आमच्या शास्त्राचं उत्तर थोडं आडवळणाचं आहे. परीक्षकाच्या मनात काय चाललं होतं हे शोधायचं साधन आमच्याकडे नाही. निवाडा कुठल्या पद्धतीनं झाला हे मात्र तपासता येतं. आणि ती पद्धत तपासायला बसलं की कळतं, अगदी प्रामाणिक, जिभेचा पक्का, कोणाशी देणंघेणं नसलेला परीक्षकसुद्धा अन्याय करून मोकळा होऊ शकतो. त्याला पत्ताही लागत नाही. 'फिक्स' हा शब्द म्हणूनच मला फसवा वाटतो. तो सगळा दोष माणसाच्या नियतीवर ढकलतो आणि पद्धत नामानिराळी राहते.

आज त्या पद्धतीबद्दल बोलू. उदाहरणं मास्टरशेफ, बेक ऑफ अशा बऱ्याच जणांनी पाहिलेल्या मालिकांची घेते.

एकच बाटली, तीन पेले

सुरुवात वाइनपासून करते, कारण चवीच्या परीक्षकांची इतकी चोख परीक्षा दुसरीकडे क्वचितच झाली आहे. कॅलिफोर्निया स्टेट फेअरमध्ये वाइनची मोठी स्पर्धा भरते. रॉबर्ट हॉजसन हे प्राध्यापक स्वतः एक छोटी वायनरीही चालवत. त्यांनी २००५ पासून चार वर्षं या स्पर्धेत एक साधा प्रयोग केला. परीक्षकांसमोर एका बैठकीत तीसेक वाइन येत. त्यांतली काही वाइन एकाच बाटलीतून तीन वेगवेगळ्या पेल्यांत ओतलेली असे. परीक्षकांना हे माहीत नसे. आता एकच बाटली, एकच माणूस, एकच बैठक म्हटल्यावर गुण साधारण सारखे पडावेत की नाही? हॉजसन यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या टप्प्यातले गुण देऊ शकलेले परीक्षक जेमतेम १० टक्के होते. आणखी १० टक्के असे निघाले की त्याच वाइनला त्यांनी एकदा कांस्य दिलं होतं आणि एकदा सुवर्ण!

लक्षात घ्या, हे परीक्षक अनुभवी होते. वाइन कोणाची आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणजे लाडका-दोडका हा प्रश्नच नव्हता. तरी असं झालं. माणसाची जीभ म्हणजे सोनाराचा काटा नव्हे. आधीचा घास कसा होता, पोट किती भरलंय, दुपार किती चढलीय, यांनी ती हलते. संशोधनात याला 'गोंगाट' म्हणतात. पक्षपात म्हणजे काटा एका बाजूला कललेला असणं आणि गोंगाट म्हणजे काटा थरथरत राहणं. कललेल्या काट्यावर आपण रात्र रात्र भांडतो. थरथरीकडे मात्र कोणी बघत नाही.

आता हे डोक्यात ठेवून मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाची २०२१ ची अंतिम फेरी आठवा. जस्टिन नारायण १२५ गुण, पीट कॅम्पबेल १२४, किश्वर चौधरी ११४. एका गुणानं विजेता ठरला आणि अडीच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं बक्षीस त्याच्याकडे गेलं. जस्टिन लायक नव्हता असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या जिभा स्वतःचेच गुण पुन्हा तसेच देऊ शकतील याची खात्री नाही, त्यांच्या बेरजेतल्या एका गुणाला आपण 'तो अधिक चांगला' असं म्हणू शकतो का? फार तर 'त्या दिवशी, त्या क्रमानं, त्या घासांवरून दोघं बरोबरीत होते' एवढंच म्हणता येईल. पण बरोबरीवर कागदी फटाके उडवता येत नाहीत.

या थरथरीवर आमच्याकडे इलाज आहेत, आणि ते काही महागडे नाहीत. नमुन्याला नाव नसतं, तीन आकड्यांचा कसाही निवडलेला क्रमांक असतो. ('१' लिहिलं की लोकांना उगाच तो पहिल्या नंबरचा वाटतो, म्हणून ४७२, ८१६ असं काहीतरी.) चाखणारे वेगवेगळ्या कप्प्यांत बसतात. रंगावरून मत बनू नये म्हणून कधी कधी लाल दिवा लावतात. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी पितात. प्रत्येकाला नमुने वेगळ्या क्रमानं मिळतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गुण लिहून होईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. या शेवटच्या नियमामागे साधं गणित आहे. पाच जणांच्या गुणांची सरासरी एकाच्या गुणांपेक्षा भरवशाची ठरते ती पाचांच्या चुका वेगवेगळ्या दिशांना जात असतील तरच. पहिल्यानं भुवया उंचावल्या आणि बाकीच्यांनी त्या पाहिल्या, की पाच मतं उरत नाहीत. एकच मत पाचदा मोजलं जातं.

टीव्हीवर काय दिसतं? तिघं परीक्षक एकाच ताटाभोवती उभे. एकजण घास घेतो, डोळे मिटतो, मान हलवतो. बाकीचे त्याच्याकडे बघतात आणि मग आपला घास घेतात. ते दृश्य बघायला छान आहे, पण मोजमाप म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

पहिला नंबर लागण्याचा तोटा

दुसरा मुद्दा क्रमाचा. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ ही नावाजलेली संगीत स्पर्धा होते. तिच्या पियानोच्या अंतिम फेरीत बारा वादक सहा संध्याकाळी वाजवतात, रोज दोघं. कोण कधी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी असते. वाद्य तेच, परीक्षक तेच, चिठ्ठीही कोणी फिरवलेली नाही. फरक एवढाच की पहिल्या वादकाच्या वेळी परीक्षकांचं माप अजून बसलेलं नसतं. पुढे याहून चांगलं काही येईल म्हणून ते हात राखून गुण देतात.

पण मला हादरवणारा निबंध याच्या पुढचा आहे. गिन्सबर्ग आणि व्हान ऊर्स यांनी २००३ मध्ये याच स्पर्धेतल्या वादकांचं पुढे काय झालं ते पाहिलं. वरचा क्रमांक मिळवलेल्यांची कारकीर्द पुढे अधिक बहरली होती. यात नवल नाही असं वाटेल. पण क्रमांक ठरण्यात चिठ्ठीचा हात होता हे आठवा. नुसत्या चिठ्ठीनं वर गेलेल्यालाही पुढे तो फायदा मिळत राहिला. म्हणजे एका संध्याकाळच्या सोडतीची सावली माणसाच्या आयुष्यभर पडते.

पाककला स्पर्धेत हेच होतं. इथे भाग घेणारे बरेच जण नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा टाकून येतात. जिंकलं तर पुस्तक, हॉटेल, जाहिराती. सहाव्या आठवड्यात बाहेर पडलं तर घरी परत. आणि पहिलं ताट नेताना जेवण गरम असतं हे खरं, पण परीक्षकाचं माप थंड असतं! शेवटी जाणाऱ्याचं उलट. शिवाय आपल्याला पडद्यावर दिसतो तो क्रम संकलनाच्या टेबलावर लावलेला असतो. खरोखर कोणाचं ताट कधी चाखलं गेलं ते प्रेक्षकाला कळायची सोय नाही. ज्याची तपासणीच करता येत नाही त्याला निवाडा म्हणायचं तरी कसं?

डब्यावर कोरलेलं नाव

आपल्याकडे गणपतीत किंवा महिला मंडळात पाककला स्पर्धा होतात तेव्हा ताटासमोर नावाऐवजी क्रमांकाची चिठ्ठी ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. संशोधनाचा निबंध न वाचताही लोकांना हे उमगलेलं असतं. आता चिठ्ठीवर क्रमांक असतो आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणावर अख्खं नाव, वर लग्नाची तारीखसुद्धा कोरलेली असते, तो भाग वेगळा. पण हेतू बरोबर आहे.

टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये हा हेतू नीट पाळलेला मला एकाच ठिकाणी दिसतो. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'च्या प्रत्येक भागात तीन फेऱ्या असतात, आणि मधल्या 'टेक्निकल' फेरीत सगळ्यांना एकच पदार्थ करायचा असतो. तयार झालेला पदार्थ स्पर्धक आपापल्या छायाचित्राच्या मागे ठेवतात. छायाचित्रं परीक्षकांना दिसत नाहीत. ते येतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाखत जातात आणि शेवटच्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत नावं न घेता क्रम लावतात. गंमत बघा, मागच्या आठवड्यात वाहवा मिळवलेला स्पर्धक या फेरीत सहज तळाला जातो. समोर नाव नसलं की कीर्तीही मदतीला येत नाही.

उरलेल्या दोन फेऱ्यांत आणि मास्टरशेफच्या जवळजवळ सगळ्या फेऱ्यांत परीक्षकाला माणूस ठाऊक असतो. नुसता ठाऊक नसतो, तर आठवड्यामागून आठवडे त्याच्याशी गप्पा झालेल्या असतात, त्याच्या आईची आठवण ऐकलेली असते, त्याचा खांदा थोपटलेला असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले होते. जो अंगानं रुबाबदार वाटला त्यालाच बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे सगळे गुण चढते मिळाले होते. एका गुणाचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तसंच. अधिकारी लबाड नव्हते. 'हा माणूस चांगला' आणि 'याचं हे एक काम चांगलं' या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवणं माणसाला जमत नाही, एवढंच. मग 'ही मुलगी किती कष्टानं इथवर आली' आणि 'या आमटीत मीठ बरोबर आहे' या दोन गोष्टी तरी परीक्षक वेगळ्या कशा ठेवणार?

उकडीच्या मोदकाला खुसखुशीत पारी

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सोपं आहे, सगळ्या फेऱ्या नाव झाकून घ्या. मला मात्र तेवढं पुरेसं वाटत नाही. याचं कारण २०१८ मध्ये ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये दिसलं.

झलेहा कादिर ओल्पिन या मूळच्या मलेशियाच्या स्पर्धकानं नासी लमाक आणि त्यासोबत कोंबडीचं रेंडांग केलं होतं. रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात आणि वाटलेल्या मसाल्यात मांस तासन् तास मंद शिजवत आटवायचं. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचा हा पदार्थ पुढे सगळ्या मलय मुलखाचा झाला. परीक्षक ग्रेग वॉलेस यांनी तक्रार केली की कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही, ती खाता येत नाही आणि सगळा रस्सा तिच्यावरच आहे. झलेहा त्या फेरीत बाहेर पडली. मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर या एरवी खाण्यावरून आपसांत भांडणाऱ्या देशांतले लोक एक झाले. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनीही जाहीरपणे विचारलं की कुरकुरीत रेंडांग खातं कोण? दुसरे परीक्षक जॉन टोरोड यांनी रेंडांग कदाचित इंडोनेशियाचं असेल असं लिहून वाद आणखी पेटवला आणि शेवटी मलेशियन लोकांना 'नमस्ते' केलं!

आपल्या भाषेत सांगायचं तर हे उकडीच्या मोदकाला 'पारी खुसखुशीत नाही' म्हणून गुण कापण्यासारखं झालं. तळणीचा मोदक आणि उकडीचा मोदक यांचं माप एकच कसं असेल? आणि मुद्दा असा, की इथे नाव झाकून काहीही फरक पडला नसता. ताट कोणाचं हे माहीत नसतं तरी वॉलेस यांनी तीच तक्रार केली असती. गडबड जिभेत नव्हती, मापात होती. तळलेल्या किंवा भाजलेल्या कोंबडीचं माप त्यांनी आटवलेल्या कोंबडीला लावलं. आपलं माप हे 'आपलं' आहे हे ज्याला दिसत नाही, त्याला ते जगाचं माप वाटतं.

याच्या उलट बाजूला किश्वर चौधरीचा पांता भात ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या त्याच अंतिम फेरीत बांगलादेशी मुळांच्या या बाईनं रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, आलू भोर्ता आणि सार्डिन मासा असं ताट मांडलं. हे जेवण हॉटेलात मिळत नाही, असं तिनं परीक्षकांना सांगितलं. बंगालमध्ये शेतावर राबणाऱ्यांचं हे खाणं. आपल्याकडे कोकणात पेजेचं जे स्थान, साधारण तसं. आता हेच ताट क्रमांक ४७२ म्हणून, एक अक्षर न बोलता, परदेशी परीक्षकासमोर ठेवलं तर? 'भातात पाणी जास्त, किंचित आंबूस वास' असा शेरा सहज पडला असता. किश्वरनं तो पदार्थ काय आहे, कोण खातं, कसा असायला हवा हे सांगितलं म्हणून परीक्षक त्याला त्याच्या मापानं तोलू शकले, आणि त्यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं.

म्हणजे एक पेच तयार होतो. माणसाची गोष्ट ऐकली की निवाडा हलतो, आणि पदार्थाची गोष्ट ऐकली नाही तर निवाडा आंधळा होतो. टीव्ही या दोन्ही गोष्टी एकत्र कालवून देतो. आजीची आठवण आणि आजीची पाककृती एकाच घासात येतात. त्या वेगळ्या करता येतात, आणि करायला हव्यात, हे माझं या लेखातलं मुख्य म्हणणं आहे. माणूस झाका, पदार्थ सांगा.

मासा, पनीर आणि कचऱ्याचा डबा

माप कुठलं हा जसा प्रश्न आहे तसाच ते कधी सांगितलं हाही. २०२३ मध्ये मास्टरशेफ इंडियाच्या सातव्या मोसमात अरुणा विजय या शाकाहारी स्पर्धक होत्या. मासे शिजवायच्या फेरीत त्यांना माशाऐवजी पनीर वापरू दिलं आणि समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. पनीर आणि मासा सारखे नाहीत, मासा एक मिनिट जास्त राहिला तर वाया जातो, मग इतरांनी ती जोखीम का घ्यायची, असं लोकांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूनं, जी बाई मांसाहाराला हात लावत नाही तिला मासा चिरायला लावणं म्हणजे तिच्यासाठी दार बंद करणं.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. भारतात काय खावं आणि काय शिवावं हे धर्म, जात, घर यांनी ठरतं, त्यामुळे इथे 'सगळ्यांना एकच सामान' हा नियम दिसतो तितका सरळ नाही. या मालिकेचा २०१५ चा मोसम पूर्ण शाकाहारी होता. तेव्हा शाकाहारींची अडचण सुटली, पण कोळीवाड्यात वाढलेल्या, जिचा हात बोंबील आणि कालवांवर बसलेला आहे अशा बाईची अर्धी विद्या दाराबाहेर राहिली. कुठलाही नियम घेतला तरी कोणाचं तरी काहीतरी जातं. न्याय असा की ते आधी, सगळ्यांना, कारणासकट सांगावं. फेरी कशाची परीक्षा घेते आहे? नाजूक मांस नेमकं शिजवण्याची असेल तर पनीर चालणार नाही, आणि शाकाहारी स्पर्धकाला त्या फेरीऐवजी तितक्याच जोखमीची दुसरी परीक्षा द्यावी. मुख्य घटकाभोवती ताट रचण्याची परीक्षा असेल तर पनीर खुशाल चालेल. आधी हे बोललं गेलं असतं तर अरुणाबाईंच्या वाट्याला आलेला राग त्यांच्या वाट्याला आला नसता. नियम चॅनेलनं केला आणि शिव्या मात्र स्पर्धकानं खाल्ल्या.

अपघाताबद्दलही तेच. २०१४ मध्ये बेक ऑफच्या एका भागात 'बेक्ड अलास्का' करायचं होतं, म्हणजे आत आइसक्रीम असलेला केक. इयन वॉटर्स या स्पर्धकाचं आइसक्रीम दुसऱ्या एका स्पर्धकाच्या हातून फ्रीजरबाहेर राहिलं. ते वितळलेलं पाहून त्यानं रागाच्या भरात सगळंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि परीक्षकांसमोर तो डबाच नेऊन ठेवला. तो बाहेर पडला. ऑफकॉम या नियामक संस्थेकडे शेकडो तक्रारी गेल्या. पॉल हॉलिवूड यांनी नंतर सांगितलं की आइसक्रीम बाहेर होतं ते फक्त ४० सेकंद, इयन गेला तो पदार्थ फेकून दिल्यामुळे. प्रेक्षकांना मात्र जे दाखवलं गेलं त्यातून सगळा घात त्या दुसऱ्या बाईंनीच केल्यासारखं वाटलं. चाळीस सेकंदांचा हिशेब बसून राहिला, पण मूळ प्रश्न तसाच राहिला: दुसऱ्याच्या हातून आपला पदार्थ बिघडला तर काय करायचं, याचा नियम काय? क्रिकेटमध्ये डेड बॉल असतो. आमच्या प्रयोगशाळेत नमुना सांडला तर तो बाद होतो आणि नवा येतो. त्या तंबूत असा नियम असता तर इयनला कदाचित कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायची वेळ आली नसती.

शेवटी सही कोणाची?

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. अमेरिकेच्या 'टॉप शेफ' या मालिकेच्या शेवटी श्रेयनामावलीत एक बारीक अक्षरांतली ओळ जाते. तिचा आशय असा की जिंकण्याचे आणि बाहेर काढण्याचे निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले आहेत आणि काही निर्णयांबद्दल वाहिनीशीही चर्चा झाली आहे. तासभर आपण चवीवर चाललेला वाद बघतो आणि शेवटच्या दोन सेकंदांत कळतं की टेबलाशी आणखीही कोणी बसलं होतं.

ही ओळ तरी तिथे आहे याचं मला कौतुकच वाटतं. तिच्यामागे इतिहास आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांचं प्रचंड वेड होतं. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात चार्ल्स व्हान डोरेन यांना उत्तरं आधीच पुरवली जात होती, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी हर्बर्ट स्टेम्पेल यांना हरायला सांगितलं होतं. १९५५ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर 'मार्टी'ला मिळालं हे ठाऊक असून स्टेम्पेल यांनी चुकीचं उत्तर दिलं. १९५९ मध्ये व्हान डोरेन यांनी काँग्रेसच्या समितीसमोर सगळं कबूल केलं आणि १९६० मध्ये अशा बनावाला कायद्यानं बंदी आली. कायद्याची भाषा बौद्धिक ज्ञान, बौद्धिक कौशल्य आणि नशीब यांच्या स्पर्धांबद्दल आहे. फोडणी देणं हे बौद्धिक कौशल्य की नाही, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. प्रेक्षकाच्या दृष्टीनं प्रश्न एकच आहे: निकालाखाली सही कोणाची?

"अगं, करमणूक आहे ती, कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" हे मी नेहमी ऐकते. करमणुकीला माझी काहीच हरकत नाही. झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' लागायचं. प्रशांत दामले कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जायचे, गप्पा मारायचे, चाखायचे, वाहवा करायचे. तिथे कोणी हरत नव्हतं, त्यामुळे न्यायाचा प्रश्नही नव्हता. पण ज्या क्षणी तुम्ही एखाद्याला बाहेर जायला सांगता, त्या क्षणी तुम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले असता. नाट्य हवं म्हणून खुर्ची वापरायची आणि हिशेब मागितला की 'करमणूक आहे' म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

मग करायचं काय?

मी सुचवते त्यात एकही गोष्ट अशी नाही की जिच्यामुळे कार्यक्रम कंटाळवाणा होईल.

एक, फेरी सुरू होण्याआधी माप फळ्यावर लिहा. 'आयर्न शेफ अमेरिका'त चवीला १०, मांडणीला ५ आणि कल्पकतेला ५ गुण अशी साधी विभागणी होती. निकालाशी तुम्ही असहमत असाल, पण तो कशावरून आला हे तरी कळायचं.

दोन, परीक्षकांची कामं वाटा. एकानं ओट्यांमधून फिरावं, हात बघावा, स्वच्छता बघावी, स्पर्धकाला धीर द्यावा. बाकीच्यांनी बाहेर बसावं आणि फक्त क्रमांकाची ताटं चाखावीत. प्रत्येकानं वेगळ्या क्रमानं, आणि आपले गुण आधी लिहून. बोलणं त्यानंतर.

तीन, प्रत्येक ताटासोबत एक छोटा कागद असावा. पदार्थाचं नाव, कुठला, कोण खातं, आणि तो बरोबर झाला हे कशावरून ओळखायचं. स्पर्धकाचं नाव, गाव, दुःख, आनंद त्यावर नको. रेंडांगसोबत असा चार ओळींचा कागद असता तर कातडीचा विषयच निघाला नसता.

चार, फरक एका गुणाचा असेल तर पुन्हा चाखा, आणि तरी तेवढाच राहिला तर बरोबरी जाहीर करा. दोन विजेते निघाले म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

पाच, निर्णयात निर्माते असतील तर ते सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरांत सांगा.

माणसाच्या गोष्टी मग कुठे जातील? जाणार कुठेच नाहीत. निकाल लिहून झाल्यावर ताटामागचं छायाचित्र उलटा, म्हणजे हे ताट कोणाचं होतं ते परीक्षकालाही तेव्हाच कळेल, आणि मग आजी, गाव, कष्ट सगळं ऐका. रडा, मिठ्या मारा. बेक ऑफच्या मधल्या फेरीत छायाचित्रामागची नावं उघड होताना परीक्षकांचे चेहरे किती बोलतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं नाट्य वेगळं सांगायला नको.